जुन्या संगणकावरची ईमेल नव्या संगणकावर: प्रत काढणं आणि ती उघडून बघणं

कोयनाकाठ

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अधिकृत आधार संपला आणि तेव्हापासून ओळखीपाळखीत संगणक बदलायची लाट आली आहे. नवा लॅपटॉप येतो, फोटो आणि डॉक्युमेंट्सचं फोल्डर पेन ड्राइव्हवर जातं, जुनं यंत्र गावच्या पुतण्याला नाहीतर भंगारात. मग कधीतरी घराच्या कराराच्या वेळची बिल्डरची मेल हवी असते आणि तेव्हा लक्षात येतं की ईमेल कुणी उचललीच नव्हती. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एकच आहे: जी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेली नाही, ती प्रत धरायचीच नाही. बॅकअप कसा घ्यावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो परत कसा उभा करायचा यावर फारसं कुणी बोलत नाही.

आधी मेल आहे कुठे ते बघा. ब्राउझरमध्ये जीमेल उघडत असाल तर संगणकावर काहीच नाही, सगळं गुगलकडे. आउटलुक किंवा थंडरबर्ड असा मेलचा प्रोग्रॅम वापरत असाल तर खातं पॉप आहे की आयमॅप ते तपासा. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहते आणि संगणकावर तिची नक्कल असते. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून उतरवून घेतली जाते, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण केलेली नसेल तर तिकडून ती पुसली जाते. म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कवरची फाइल ही त्या मेलची एकमेव प्रत. ज्यांची खाती फार जुनी आहेत त्यांच्याकडे बहुतेक पॉपच सापडतं, कारण तेव्हा सर्व्हरवर जागाच इवलीशी मिळायची. १ एप्रिल २००४ ला जीमेलने १ जीबी देऊ केलं तेव्हा लोकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं.

आउटलुक: पॉप खात्याची मेल पीएसटी फाइलमध्ये असते. आउटलुक २०१० पासून ही फाइल डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरमध्ये बनते. २००७ आणि त्याआधीच्या आवृत्त्या ती यूजरच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक अशा दडवलेल्या जागी ठेवायच्या. डॉक्युमेंट्स उचलूनही मेल मागे राहते ती यामुळे. अंदाजाने शोधू नका. फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स (२००७ मध्ये हेच टूल्स मेन्यूतून) इथे प्रत्येक फाइलचा अख्खा पत्ता लिहिलेला असतो. तिथे एकापेक्षा जास्त फाइली दिसल्या तर सगळ्या घ्या, 'आर्काइव्ह' नावाची विसरू नका. आउटलुक पूर्ण बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये ते उरलेलं नाही ना हे बघा, मग फाइल कॉपी करा. नव्या संगणकावर ती आधी हार्ड डिस्कवर घ्या, पेन ड्राइव्हवरून थेट उघडू नका. मग फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, ओपन आउटलुक डेटा फाइल. एक्स्पोर्टचाही रस्ता आहे, पण त्यात रूल्स (मेल आपोआप लावणारे नियम) आणि फोल्डरच्या व्ह्यूसारख्या सेटिंग्ज येत नाहीत. मी स्वतः नेहमी मूळ फाइलच उचलतो.

ओएसटी फाइल दिसली तर ती सर्व्हरवरच्या मेलची नक्कल असते. ती उचलून दुसऱ्या संगणकावर उघडत नाही. इथे एक खाचखळगा आहे. आउटलुक २०१३ पासून आयमॅप खात्यातले कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर 'धिस कम्प्यूटर ओन्ली' अशा नावाखाली त्याच ओएसटीत राहतात आणि सर्व्हरवर जातच नाहीत. 'ओएसटी काय, पुन्हा बनेल' म्हणून कुणी ती उडवली की पत्ते गेले. ते मात्र पीएसटीत एक्स्पोर्ट करावेच लागतात.

थंडरबर्ड: हे मला जास्त आवडतं, कारण सगळं एका प्रोफाइल फोल्डरमध्ये असतं. हेल्प मेन्यूतल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये प्रोफाइल फोल्डरसमोर 'ओपन फोल्डर' बटण आहे. थंडरबर्ड बंद करून अख्खं फोल्डर उचला. त्यात मेल आणि आयमॅपमेल अशी दोन फोल्डरं असतात. आतल्या एक्स्टेन्शन नसलेल्या मोठ्या फाइली म्हणजे प्रत्यक्ष मेल, एमबॉक्स स्वरूपातली (एका फोल्डरची सगळी मेल एका फाइलमध्ये). शेजारच्या एमएसएफ फाइली नुसती सूची, त्या बिघडल्या तरी पुन्हा बनतात. पत्त्यांची वही आणि साठवलेले पासवर्डही याच फोल्डरमध्ये असतात, म्हणून ही प्रत उघड्यावर टाकू नका. नव्या संगणकावरचं थंडरबर्ड जुन्याइतकं किंवा त्याहून नवं असलं पाहिजे, जुनी आवृत्ती नवं प्रोफाइल उघडायला नकार देते.

कुणाला अडचण असेल तर आवृत्ती आणि खात्याचा प्रकार लिहून विचारा.

अबोली

अगदी वेळेवर धागा आला! बाबा निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांच्या संगणकावर आउटलुक २००७ आणि पॉप खातं आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या, विद्यार्थ्यांच्या मेल्स आहेत, त्यातल्या बऱ्याच मराठीत. तुम्ही सांगितलं तिथे दोन फाइली सापडल्या. मुख्य फाइल ६ जीबीच्या पुढे आणि 'आर्काइव्ह' दीड जीबीची. आर्काइव्ह पेन ड्राइव्हवर गेली, पण मोठी टाकताना 'फाइल फार मोठी आहे' असं येतंय. ड्राइव्ह ३२ जीबीचा आहे आणि जवळपास रिकामा आहे.

कोयनाकाठ

@अबोली, पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, मोकळी जागा कितीही असो. ड्राइव्हवर असलेलं सगळं बाजूला काढून एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. आर्काइव्ह फाइल लगेच पुसू नका, तिच्याबद्दल नंतर विचारायचं आहे.

सह्यकडा

चांगला धागा. पण एवढा खटाटोप कशाला? पीएसटी फाइल वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवायची, आउटलुकला नवा पत्ता द्यायचा. आपोआप क्लाउडवर जात राहील.

कोयनाकाठ

@सह्यकडा, इथे मी ठामपणे असहमत आहे. आउटलुक उघडं असताना पीएसटी सतत बदलत असते आणि कुलूपबंदही असते. सिंक करणारा प्रोग्रॅम तिला अर्ध्या बदलाच्या अवस्थेत पकडायला बघतो, नाहीतर एका मेलमागे अख्खी काही जीबींची फाइल परत चढवू लागतो. वनड्राइव्हमधून पीएसटी बाहेर कशी काढावी हे मायक्रोसॉफ्टनेच मदतपानावर समजावलं आहे. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरचंही तेच. आउटलुक बंद करून काढलेली प्रत झिप करून क्लाउडवर ठेवायला माझी काहीच हरकत नाही, ती मी पण ठेवतो.

सह्यकडा

क्लाउडवर जुन्या आवृत्त्या राहतात, त्यामुळे बिघडली तर मागची मिळते, असा माझा हिशोब होता. पण बंद करून काढलेली प्रत जास्त भरवशाची, हे मान्य. महिन्याच्या पहिल्या रविवारी तसं करत जाईन.

रानजाई

माझी शंका. माझं सगळं आयमॅप आहे, फोनवर, लॅपटॉपवर, टॅबवर तेच दिसतं. म्हणजे तीन प्रती झाल्याच ना?

कोयनाकाठ

नाही हो. फोनवर चुकून फोल्डर पुसलं की लॅपटॉपवरूनही जातं. तेच तर आयमॅपचं काम आहे, सगळीकडे एकसारखं ठेवणं. खातं हॅक झालं आणि समोरच्याने इनबॉक्स रिकामा केला तर तिन्ही ठिकाणी रिकामा. नोकरी सुटल्यावर किंवा निवृत्तीनंतर संस्थेचं खातं बंद होतं, तेव्हाही तेच. गुगलने २०२३ पासून नियम केला आहे की वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरात नसेल तर ते सामग्रीसकट काढून टाकता येईल. घरात कुणी वारलं आणि त्यांचं खातं कुणी उघडलं नाही तर हा काळ बघता बघता सरतो.

जीमेलसाठी गुगल टेकआउट ही आपला डेटा उतरवून देणारी गुगलचीच सेवा वापरा. बाकीच्या खुणा काढून फक्त 'मेल' ठेवा. मेल एमबॉक्समध्ये मिळते आणि लेबलं प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये (मेलच्या माथ्यावरच्या तांत्रिक माहितीत) लिहिलेली येतात. फाइल उतरवायचा दुवा साधारण आठवडाभरच चालतो, म्हणून आला की लगेच उतरवा. उतरवून तिथेच थांबू नका. थंडरबर्ड बंद करून ती फाइल प्रोफाइलमधल्या मेल, लोकल फोल्डर्समध्ये ठेवा आणि थंडरबर्ड पुन्हा उघडा. डावीकडे नवं फोल्डर दिसेल. मेल प्रचंड असेल तर सूची बनायला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

ऑफिसचं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) खातं असणाऱ्यांसाठी: आउटलुकमध्ये 'मेल टू कीप ऑफलाइन' अशी एक सरकपट्टी असते आणि ती बऱ्याचदा एक वर्षावर असते. तशीच ठेवून एक्स्पोर्ट केलंत तर तेवढीच मेल येते. आधी ती 'ऑल' वर न्या, सगळं उतरू द्या, मग पुढचं. अर्थात ऑफिसची मेल घरी न्यायची परवानगी आहे का ते आधी विचारा.

गोवळकोट

एक भर घालतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानातला संगणक आणि टेबलाच्या खणातली बॅकअपची हार्ड डिस्क एकाच वेळी चिखलात गेली, अशी कितीतरी दुकानं होती. करसल्लागारांची कार्यालयं पण. पक्षकारांची वर्षानुवर्षांची मेल होती त्यांच्याकडे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकरांनी हेच भोगलं. तेव्हा एक प्रत दुसऱ्या गावात पाहिजेच. माझी बहीण पुण्याला असते, तिच्या कपाटात माझी एक डिस्क आणि माझ्याकडे तिची. गणपतीला येते तेव्हा अदलाबदल होते.

कोयनाकाठ

@गोवळकोट, फार मोलाचं लिहिलंत. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम हाच: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. आणखी एक: डिस्क सतत संगणकाला जोडून ठेवू नका. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) शिरलं तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं. आणि दुसऱ्याच्या घरी ठेवायची प्रत सेव्हन-झिपने पासवर्ड घालून ठेवा, त्यात एईएस-२५६ हे मजबूत कूटबद्धीकरण मिळतं. तो पासवर्ड घरात आणखी एकाला माहीत असावा.

खानदेशी

आमच्याकडे वीज गेली आणि संगणक धाडकन बंद झाला. आता आउटलुक म्हणतं पीएसटी उघडता येत नाही. दुकानदार म्हणतो विंडोज नव्याने टाकू. काय करू?

कोयनाकाठ

@खानदेशी, विंडोज टाकायला मुळीच देऊ नका, आधी डिस्कवरची ती फाइल वाचवा. आउटलुक बंद ठेवून पीएसटीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि जे करायचं ते त्या प्रतीवर. ऑफिस जिथे टाकलं आहे त्याच फोल्डरमध्ये स्कॅनपीएसटी नावाचा मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्रॅम असतो. त्याला फाइल दाखवा, तपासणी झाली की 'रिपेअर' करा. पहिल्या फेरीत चुका उरल्या तर पुन्हा चालवा. सुटी पडलेली मेल 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये जमा होते, ते फोल्डर जरूर उघडून बघा. फाइलचा आकारही सांगा. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती, २००३ आणि २००७ ला २० जीबी, २०१० पासून ५० जीबी. मर्यादेच्या जवळ गेलेली फाइल लवकर आजारी पडते.

खानदेशी

फाइल ९ जीबी, आउटलुक २०१६. स्कॅनपीएसटी दोनदा चालवलं, उघडली! लॉस्ट अँड फाउंडमध्ये काही मेल्स आहेत, त्या इनबॉक्समध्ये ओढतोय. मनापासून आभार. यूपीएस आजच आणतो.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इथल्या आमच्या पिढीचा बराच पत्रव्यवहार याहू ग्रुप्सवर, म्हणजे मेलवरून चालणाऱ्या गटांवर, झाला. मराठी मंडळाच्या नाटकांच्या तालमी, गणपतीची वर्गणी, भारतातून येणाऱ्यांना विमानतळावर कोण आणणार, सगळं तिथे. १५ डिसेंबर २०२० ला याहू ग्रुप्स बंद झालं. आता तो मजकूर फक्त ज्यांनी मेलने तो घेतला त्यांच्या मेलबॉक्समध्ये आहे. माझ्याकडे आउटलुक एक्स्प्रेस या विंडोजच्या जुन्या मेल प्रोग्रॅमच्या डीबीएक्स फाइली आहेत, त्यातली मराठी 'ÖÖ' असल्या खुणांसारखी दिसते. यात जीव आहे का?

कोयनाकाठ

@दूरदेशी, नक्कीच आहे, आणि या फाइलींना फार जपा. आउटलुक एक्स्प्रेस प्रत्येक फोल्डरसाठी वेगळी डीबीएक्स फाइल बनवायचं, तेव्हा फोल्डर अख्खं उचला, त्यातली फोल्डर्स नावाची डीबीएक्स फाइलही. जुना एक्सपी संगणक चालू होत असेल तर सगळ्यात सोपं: आउटलुक एक्स्प्रेसमध्ये मेल्स निवडून विंडोजच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये ओढायच्या. प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल बनते. ईएमएल थंडरबर्डमध्ये उघडते आणि इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी या ॲड-ऑनने फोल्डरच्या फोल्डर आत घेता येतं.

त्या खुणा म्हणजे बिघाड नाही. तेव्हा आपण युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीत) लिहीत नव्हतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. मूळ फॉन्ट टाकला की मजकूर वाचता येतो, आणि तो कोणता होता ते कळलं तर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक मिळतात. फक्त बदल प्रतीवर करा. मूळ ईएमएल तशीच ठेवा आणि तिच्या शेजारी फॉन्टची फाइलही ठेवा. मेल 'टेक्स्ट म्हणून सेव्ह' केलीत तर वाटेत अक्षरं बदलली जाऊ शकतात, मग फॉन्ट असूनही उपयोग नाही.

दूरदेशी

तळघरात एक्सपीचा डेल आहे, चालू होतो. मंडळाच्या जुन्या मंडळींनाही विचारतो, कुणाकडे फॉन्टची सीडी असेल. कोयनाकाठ, तुम्हाला कल्पना नाही किती बरं वाटलं ते.

ठाण्याची वकील

वकिलीच्या बाजूने थोडं. लोक महत्त्वाची मेल पीडीएफ करून किंवा छापून ठेवतात आणि मूळ पुसतात. असं करू नका. मेल कुठून, कोणत्या सर्व्हरांवरून, कधी आली हे हेडरमध्ये असतं आणि छापील कागदावर ते येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) लिहावं लागतं. आधी हे प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असायचं. त्या प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला ज्या निकालात पक्की केली, तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा होता, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल.

तेव्हा वादाची शक्यता असलेली मेल ईएमएल म्हणून साठवा, मूळ मेलबॉक्समधली पुसू नका, आणि पॉवरशेलमधल्या गेट-फाइलहॅशने तिचं हॅश काढून तारखेसह लिहून ठेवा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतं.

कोयनाकाठ

ताई, हे मलाही नवं होतं. हॅशचा उपयोग प्रत तपासायलाही होतो. जुन्या आणि नव्या डिस्कवरच्या पीएसटीचं हॅश सारखं आलं तर कॉपी तंतोतंत झाली. फाइल आतून धडधाकट आहे का, हे मात्र ती उघडूनच कळतं.

अबोली

मी परत आले. एक्सफॅट केल्यावर मोठी फाइल गेली. पण नव्या लॅपटॉपवर जे आउटलुक आयतं आलंय त्यात तुम्ही लिहिलेला ओपन अँड एक्स्पोर्टचा मेन्यूच नाही. बाबा फार अस्वस्थ झालेत.

कोयनाकाठ

ते 'न्यू आउटलुक' आहे. विंडोजमधलं जुनं मेल ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झालं आणि त्याच्या जागी हे येतं. पीएसटीच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. ऑफिसचा परवाना असेल तर क्लासिक आउटलुक टाका. परवान्यावर खर्च करायचा नसेल तर बाबांच्या जुन्या संगणकावरच थंडरबर्ड टाका आणि टूल्समधल्या इम्पोर्टने आउटलुकमधली मेल त्यात घ्या. आउटलुक २००७ हे ३२-बिट आहे, म्हणून थंडरबर्डही ३२-बिटच घ्या, नाहीतर त्याला आउटलुक दिसत नाही. मग प्रोफाइल फोल्डर नव्या लॅपटॉपवर न्यायचं. तिथे थंडरबर्ड ६४-बिट असलं तरी चालतं.

तुंगभद्रा

कुणाकडे उबुंटू (लिनक्स) असेल तर पीएसटी-यूटिल्स पॅकेजमधलं रीडपीएसटी वापरा. पीएसटी दिली की फोल्डरनिहाय एमबॉक्स काढून देतं, आउटलुक लागत नाही.

अबोली

थंडरबर्डचा रस्ता घेतला. दोन्ही फाइलींतली मेल नव्या लॅपटॉपवर दिसतेय! अटॅचमेंट उघडून बघितल्या, सगळ्यात जुनी मेल पण उघडते. पण आर्काइव्हमधल्या मराठी मेल्सच्या विषयाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. आतला मजकूर बहुतेक ठिकाणी ठीक आहे.

कोयनाकाठ

याचसाठी त्या फाइलबद्दल थांबायला सांगितलं होतं. जुन्या संगणकावर आउटलुकमध्ये डेटा फाइल्समधून तिची माहिती बघा. स्वरूपाच्या जागी '९७-२००२' लिहिलंय का? आणि तीच मेल तिथेही प्रश्नचिन्हांसह दिसते का?

अबोली

हो, दोन्ही. तिथेही प्रश्नचिन्हंच आहेत.

कोयनाकाठ

म्हणजे तुमच्या स्थलांतरात काही हरवलेलं नाही. ९७-२००२ स्वरूपाच्या पीएसटीत युनिकोड बसत नाही. आउटलुक जेव्हा जुनी मेल त्या फाइलमध्ये सरकवायचं तेव्हाच विषयाच्या ओळी, फोल्डरची नावं, माणसांची नावं यांतली देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन साठली. ती अक्षरं आता त्या फाइलमधून परत येणार नाहीत. पण बाबांनी ज्यांना उत्तरं दिली असतील ती 'सेंट' मध्ये बघा, मूळ पत्राचा विषय खाली उद्धृत झालेला असतो आणि ते फोल्डर मोठ्या, युनिकोड फाइलमध्ये असेल तर शाबूत मिळेल. इतरांनीही आपल्या आर्काइव्हचं स्वरूप आजच तपासा. '९७-२००२' असेल तर नवी पीएसटी बनवून पुढची मेल तिच्यात साठवा.

प्रत्येक फोल्डरमधल्या मेल्सची संख्या दोन्हीकडे ताडून बघा. आउटलुकमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एकूण संख्या दाखवा' असा पर्याय आहे. आकडे जुळले नाहीत तर ते फोल्डर पुन्हा इम्पोर्ट करा.

अबोली

'सेंट' मध्ये खरंच बरेच विषय मिळाले! बाबा स्वतः बसून यादी करताहेत. आकडे एक फोल्डर सोडून सगळे जुळले, ते पुन्हा घेतलं. शेवटचं विचारते. पत्ता लिहायला लागलं की जुन्या आउटलुकमध्ये पुढची नावं आपोआप यायची, ती इथे येत नाहीत.

कोयनाकाठ

२००७ मध्ये ती नावं पीएसटीत नसतात, एनके२ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात, ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, आउटलुकमध्ये. थंडरबर्ड ती वाचत नाही. तुमच्यासाठी सोपा मार्ग हा: जुन्या आउटलुकमधले कॉन्टॅक्ट्स सीएसव्हीत एक्स्पोर्ट करून थंडरबर्डच्या पत्त्यांच्या वहीत इम्पोर्ट करा. ज्यांना बाबा आता उत्तर देतील त्यांचे पत्ते थंडरबर्ड आपोआप साठवत जाईल. एनके२ फाइलचीही प्रत काढून ठेवा, काही केबींची असते. आणि बाबांची यादी पुरी होईपर्यंत जुना संगणक फॉरमॅट करू नका.